स्विंडनच्या बँडचा हिरवा उन्हाळा

इंग्लंडमधील स्विंडनच्या एक्सटीसी या बँडचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला ‘स्कायलार्किंग’ हा अल्बम मी नेहमी सलग ऐकतो, कारण निर्माता टॉड रंडग्रेन याने ध्वनिमुद्रणापूर्वीच गाण्यांचा क्रम असा लावला होता की त्यातून एक दिवस, ऋतुचक्र आणि माणसाचे आयुष्य एकत्र उलगडत जावे. आरंभी किड्यांची गुणगुण आणि पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो, आणि बँडचा एक गायक-गीतकार अँडी पार्ट्रिज याचे ‘समर्स कॉल्ड्रन’ हे गाणे न थांबता दुसरा गायक-गीतकार कॉलिन मोल्डिंग याच्या ‘ग्रास’मध्ये विरघळते, हा सांधा मला संपूर्ण पॉप संगीतातील अत्यंत सुंदर सांध्यांपैकी एक वाटतो. न्यू वेव्ह या पंकनंतर पुढे आलेल्या रॉक शैलीतील तुटक, चपळ गिटारवादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या बँडने १९८२ मध्ये दौरे थांबवले आणि त्यानंतर स्टुडिओ हेच त्याचे घर झाले. पार्ट्रिज आणि रंडग्रेन यांच्यातील कडाक्याचे मतभेद सर्वश्रुत आहेत. तरीही बँडचा गिटारवादक डेव्ह ग्रेगरी याने ‘थाउजंड अंब्रेलाज’ या गाण्यासाठी रचलेली तंतुवाद्यांची साथ ऐकताना त्या तणावाची खूण कुठेही जाणवत नाही. मोल्डिंगची पाच गाणी मात्र मला अधिक जवळची आहेत, कारण कुरण, भेटीची जागा, लग्न आणि मृत्यू यांविषयी तो कमालीच्या साधेपणाने लिहितो.