मांजर दोरीला बांधून फिरतं का?

हा प्रश्न कोल्हापुरात दोन सुरांत येतो. एक खरोखर विचारणाऱ्याचा, दुसरा "खुळं झालंय काय हे" असं मनात म्हणत विचारणाऱ्याचा. तुम्ही पहिल्या सुरात विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो. फिरतं. पण कुत्र्यासारखी रंकाळ्याला फेरी मारून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. मांजर दहा पावलं चालतं, एका दगडाचा पाच मिनिटं वास घेतं, बसतं, कान फिरवतं आणि चार पावलं मागं येतं. आपण दोरीचं दुसरं टोक धरून उभं राहायचं. वीस मिनिटांत शंभर फूट झाले तर पुष्कळ. एवढ्यावर तुमचं भागणार असेल तर पुढचं कामाचं आहे.

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी कधीच लावायची नाही. हिसका बसला की सगळा ताण श्वासनलिकेवर येतो. छातीला बसणारा हार्नेस हवा, आणि तोही मांजराचाच. छोट्या कुत्र्याचा स्वस्त मिळतो, पण मांजराच्या अंगाला नीट बसत नाही आणि त्यातून ते सहज निसटतं. त्याला कारण आहे. आपल्या गळ्याजवळचं आडवं हाड खांद्याला पक्कं जोडलेलं असतं. मांजराचं ते हाड बारीक असतं आणि नुसतं स्नायूंत अडकलेलं. त्यामुळं जिथून डोकं जातं तिथून खांदेही आवळून जातात. म्हणून माप डोळ्यांच्या अंदाजानं घ्यायचं नाही. शिंप्याची टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती फिरवा, मग गळ्याभोवती. साधारण साडेतीन-चार किलोच्या मांजराची छाती तीस ते चाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. हार्नेस घातल्यावर पट्टीखाली एक बोट सहज, दोन जेमतेम जावीत. पर्शियन असेल तर बोट केसांखाली कातडीपर्यंत नेऊन बघा. वरून घट्ट वाटतं, आत नुसता केसांचा फुगा असतो. पिल्लू असेल तर माप दर पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायचं.

पट्ट्यांचा हार्नेस की जाकिटाचा? जाकिटात ताण छातीभर पसरतो, पण एप्रिल-मेच्या कोल्हापुरात ते अंगात घालणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर. शिवाय बऱ्याच जाकिटांना वेल्क्रो असतो आणि त्याचा 'चर्र' आवाज मांजराला अजिबात खपत नाही. मला विचाराल तर बक्कल असलेला हलका पट्ट्यांचा घ्या, दोरी अडकवायची कडी पाठीवर असलेला. दोरी दीड ते दोन मीटर, हलकी. आपोआप गुंडाळणारी डबीवाली नको: ती सतत थोडी ओढत राहते, आणि हातातून सुटली तर डबी खडखडत मांजराच्या मागं धावते. मांजर त्या आवाजाला भिऊन जे पळतं ते सापडत नाही.

आता सवय. पहिले तीन-चार दिवस हार्नेस फक्त जेवणाच्या ताटलीशेजारी पडू दे. वास घेऊ दे, त्यावर झोपू दे. मग बक्कल न लावता पाठीवर नुसता ठेवायचा, खाऊ द्यायचा, काढून घ्यायचा. बक्कलचा 'टक' आवाजही आधी लांबून ऐकवा, प्रत्येक आवाजामागं एक घास. हे सगळं जेवणाच्या आधी, भूक असताना, दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं. खाऊ म्हणजे मीठ न घालता उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. रश्श्यातला तुकडा धुऊन द्यायचा मोह आवरा. तांबडा असो की पांढरा, कांदा-लसूण त्यात मुरलेला असतो आणि मांजराच्या रक्ताला तो विषारी. दूधही बक्षीस म्हणून नको. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्याला. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांचं त्यानं पोट बिघडतं.

बक्कल पहिल्यांदा लावलंत की मांजर आडवं पडेल. पाय मोडल्यासारखं कुशीवर, डोळे उघडे. लोक घाबरून काढून टाकतात, आणि मांजर तेवढ्यात शिकतं की पडलं की सुटका होते. ओढू नका, उचलू नका. नाकासमोर वीतभर अंतरावर खाऊ ठेवा किंवा दोरा हलवा. एक पाय हलला, की खाऊ, आणि मग काढा. दुसऱ्या दिवशी अर्धं मिनिट जास्त. अंगात हार्नेस असताना ते जेवायला, उडी मारायला, अंग चाटायला लागलं की ही पायरी झाली. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दीड महिना. मग दोरी लावून घरातच मागं घसटू द्या, पण तुम्ही समोर असतानाच. खुर्चीच्या पायात गुंतली की आठवड्याची मेहनत गेली. त्यानंतर टोक हातात, आणि तुम्ही मांजराच्या मागं चालायचं.

बाहेर जाण्याआधी एक चाचणी घरातच, दार बंद करून. मांजराच्या समोर उभं राहून दोरी हळूच आपल्याकडं ताणा. निसटणारं मांजर डोकं खाली घालतं, कोपरं पुढं काढतं आणि मागं सरकतं. हार्नेस मोज्यासारखा निघतो. निघाला तर एक घर आवळा, पुन्हा बघा. बाहेरही हीच चाल लक्षात ठेवायची: मांजर घाबरून मागं सरकू लागलं की ओढायचं नाही, उलट दोरी सैल सोडून त्याच्या बाजूला जाऊन खाली बसायचं. समोरून ताण मिळाला नाही तर त्याला निसटता येत नाही.

जागा निवडताना रंकाळ्याची चौपाटी शेवटची. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्या, मोकाट कुत्री. अपार्टमेंटचं आवार, बंगल्याची बाग किंवा वाड्याचा चौक, सकाळी सहा-साडेसहाला. गच्चीवर नेलंत तर दोरी कठड्याच्या उंचीपेक्षा आखूड धरा. कठड्यावरून पलीकडं उडी मारली तर मांजर लोंबकळतं. त्याच कारणासाठी दोरी कुठं बांधून आत चहा प्यायला जायचं नाही. उसाच्या हंगामात गाणी लावलेले ट्रॅक्टर रस्त्याला असतात, गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके. त्या दिवसांत घरातच बरं. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजालाही नको. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच सावलीत, घरी. पावसात भिजलेला हार्नेस काखेत घासतो, तिथली कातडी बोटानं चाचपत जा.

सोबत पाठीवरची पिशवी किंवा जाड टॉवेल असू द्या. कुत्रं आलं की मांजर तुमच्या अंगावरच चढतं, नखांसकट. उघड्या हातांनी धरायचं नाही, टॉवेल टाकून गुंडाळायचं. ओरखडलं किंवा चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. अर्थात रेबीज आणि तिहेरी लस पूर्ण झाल्याशिवाय बाहेर काढायचंच नाही. गोचिडांचं औषध मांजराचंच आणा. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्यानं मांजर दगावू शकतं.

पाहुणा आला की कपाटामागं तीन तास बसणारं मांजर असेल तर हा खटाटोप करू नका. त्याला खिडकीतली जाळी लावलेली जागा पुरते.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. मांजराला दारातून स्वतःच्या पायानं बाहेर जाऊ द्यायचं नाही. हार्नेस घरात एकाच ठिकाणी घालायचा, उचलून किंवा पिशवीत बाहेर न्यायचं, ठरलेल्या जागी खाली ठेवायचं, येताना पुन्हा उचलून. नाहीतर दार म्हणजे बाहेर, हे समीकरण पक्कं होतं आणि दूधवाला आला की ते त्याच्या पायांतून सटकतं. वेळही तुम्ही ठरवलेलीच पाळा. दाराशी बसून केकाटल्यावर एकदा जरी नेलंत, तर उद्या पहाटे चारला तोच आवाज येणार.