पिंपांवरचं स्टेज

आमच्या गल्लीच्या गणपतीत स्टेज म्हणजे बारा पिंपं आणि त्यांच्यावर टाकलेल्या फळ्या. तेलाची रिकामी पिंपं पेठेतून यायची, ती रस्त्यानं गडगडत आणायचा मान आम्हा पोरांचा. पिंप तीन फुटांच्या आसपास उंच, म्हणून स्टेजही तेवढंच. ती उंची कुणी ठरवलेली नव्हती. चढायला बाजूला एक स्टूल, त्याला लागून खोकं. धरायला काही नाही. पडद्याच्या दोरीला धरलं तर पडदाच खाली यायचा, आणि तो दर वर्षी एकदा तरी यायचाच.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या सांगलीत नाटक उभं केलं, त्याच सांगलीतली आमची गल्ली. त्यामुळे फॅन्सी ड्रेसमधला पाच वर्षांचा भाजीवालाही स्वतःला नटसम्राट समजायचा. डिंकानं चिकटवलेल्या मिशा, आईच्या शालूचं धोतर, आणि ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणायला लागलेली रांग. शेवटच्या रात्री एकांकिका आणि तिच्यानंतर अक्काची भैरवी.

अक्का म्हणजे माझी आत्या. लहानपणी पोलिओ झाला, एका पायाला कॅलिपर, काखेत कुबड्या. गळा मात्र असा की तिनं सूर लावला की वडेवाला कढईखालचा स्टोव्ह बारीक करायचा. कॅसेटी यायच्या आधी पोरींच्या नाचांना गाणं तिचंच असे. पण ती गायची स्टेजच्या उजव्या कोपऱ्याखाली, लोखंडी खुर्चीत बसून. माइकची वायर वरून तिच्यापर्यंत सोडलेली. लोकांना वर नाचणाऱ्या पोरी दिसायच्या आणि आवाज पिंपांमधून आल्यासारखा वाटायचा. असं चाळीसेक वर्षं चाललं.

तिला कुणी वर बोलावलं नाही असं अजिबात नाही. उलट दर वर्षी आग्रह व्हायचा. “अक्का, चला की वर! चौघं आहोत, खुर्चीसकट उचलतो.” ती हसून म्हणायची, “राहू दे रे, मला इथंच बरं.” आम्हाला वाटायचं, अक्का लाजाळू आहे. एकदाच, मी कॉलेजात असताना, भांडी घासता घासता ती म्हणाली होती, “गायच्या आधी चारशे माणसांपुढं पोत्यासारखी वर जाऊ, आणि मग षड्ज लावू होय?” मी ऐकलं आणि विसरलो. उचलणाऱ्यात मीही असायचोच.

आणखी एक आठवण सांगायलाच हवी. शेजारच्या वाड्यातला माझा एक दोस्त, त्याला दिसत नव्हतं. एकांकिकेला तो माझ्या शेजारी बसायचा आणि मी त्याच्या कानात सांगायचो: राजा आला, तलवार उलटी धरलीय, मिशी निघाली. त्याची एकच तक्रार असे, “तू आधी हसतोस आणि मग सांगतोस. आधी सांग, मग हस.” नाटका-सिनेमाचं असं वर्णन कानात ऐकवायची व्यवस्था आता काही ठिकाणी हेडफोनवरून करतात. त्या कामाचा पहिला नियम मला चौथीतच कळला होता म्हणायचा.

पुढे कुबड्यांनी अक्काचे खांदे गेले आणि व्हीलचेअर आली. आता उचलायची म्हटलं तरी तिला दुखायचं. 2017 साली मंडळात विषय निघाला. त्याच एप्रिलात दिव्यांग हक्कांचा नवा कायदा लागू झाला होता, आणि त्यात सांस्कृतिक कार्यक्रमांबद्दलही कलम आहे हे आमच्यातल्या एका वकिलानं ठासून सांगितलं. त्यावर खजिनदारांनी चहा मागवला. कायद्यापेक्षा अक्काच्या खांद्यांनीच आम्हाला हलवलं, हे खरं.

मांडववाल्या मामांनी दहा फुटी फळ्या पिंपाला टेकवून उतार केला. चाचणीला खुर्चीत मी बसलो. दोघांनी ढकललं, अर्ध्यावर पुढची चाकं उचलली गेली आणि मी मागच्या मागे आभाळ बघितलं. सगळे पोट धरून हसले, मामा सोडून. तेव्हा गल्लीतली सिव्हिल इंजिनीअरिंगची पोरगी पुढे आली. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणाली. म्हणजे तीन फुटांना छत्तीस. छत्तीस फूट काढले तर उतार थेट गिरणीवाल्याच्या दारात जात होता.

मामा बराच वेळ पिंपांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “उतार कशाला वाढवताय? स्टेजच खाली घ्या की.”

पिंपं परत गेली. शाळेतून बाकं आली, दीड फुटाची. उतार अठरा फुटांत बसला. वर खुर्ची वळवायला पाच फूट चौकोन मोकळा ठेवला, चाक घसरू नये म्हणून फळ्यांच्या कडेला पट्ट्या ठोकल्या. मागच्या रांगेतल्या आजोबांनी “दिसत नाही” म्हणून दोन दिवस डोकं खाल्लं, मग त्यांच्या खुर्च्या पुढे घेतल्या. गंमत म्हणजे त्या उतारावरून सगळ्यात जास्त ये-जा झाली ती तबला-पेटीची, चहाच्या किटलीची आणि गुडघे धरून चालणाऱ्या आज्यांची. बक्षीस घ्यायला आज्या स्वतः वर जायला लागल्या.

शेवटच्या रात्री अक्का स्वतः चाकं फिरवत वर गेली. कुणी टाळ्या वाजवू नयेत असं तिनं आधीच बजावलं होतं, तरी दोघा-तिघांनी वाजवल्याच. तिनं सूर लावला. आणि दुसऱ्या अंतऱ्याला अडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खालून पाच-सहा बायकांनी ओळ दिली, तिनं ती उचलली आणि भैरवी पुरी केली.

खाली आल्यावर मी विचारलं, “अक्का, काय झालं?”

“अरे, तो हॅलोजन सरळ डोळ्यात येतो,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं नाहीत कधी मला. पुढच्या वर्षी जरा बाजूला लावायला सांग त्याला.”