आमची वाटचाल : तीन इंजिनं आणि एक काचेची नळी

डिसेंबर 2023 ते फेब्रुवारी 2024 या तीन महिन्यांत आमच्या पॅरामोटर शाळेची, म्हणजे पाठीवर पंख्याचं इंजिन बांधून डोक्यावरच्या कापडी विंगेने उडायला शिकवणाऱ्या केंद्राची, तीन इंजिनं जाम झाली. ही बातमी सोलापुरातच नाही, पार पुण्यापर्यंत पोचली. ती का जाम झाली हे विचारायला मात्र एकही जण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडवर फिरकला नाही. वाटचाल लिहायची तर सुरुवातीपासून लिहावी हे कळतं, पण आधी हे मिटवून घेऊ.

तिन्ही इंजिनं 185 सीसीची, टू-स्ट्रोक, पडद्याच्या कार्बोरेटरची. बनवणाऱ्याचा यात काडीचा दोष नाही. दोष पेट्रोलचा आणि आमचा, निम्मा-निम्मा. ऑक्टोबरमध्ये दुपारी 36 अंशांत आम्ही कार्बोरेटरच्या सुया लावल्या, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवलं. त्या वेळी कॅनमध्ये पुण्याहून आणलेलं, इथेनॉल नसलेलं 100 ऑक्टेनचं पेट्रोल होतं. लिटरला दीडशेच्या वर पैसे मोजून आणलेलं. ते दिवाळीत संपलं आणि बॅच दारात उभी. मग जवळच्या पंपावरून कॅन भरले. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाच्या मळीचं इथेनॉल इथूनच टँकरने जातं आणि पेट्रोलात मिसळून इथेच परत येतं. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाला त्याच जेटवर (इंधनाच्या भोकावर) सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं, ते मिळालं नाही की मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यात डिसेंबरची पहाट, 13 अंश. 36 अंशांपेक्षा ती हवा आठ टक्के दाट. म्हणजे दोन्ही बाजूंनी पातळच. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक तापतं, आणि तेलसुद्धा पेट्रोलातूनच येत असल्यामुळे तेही कमी पोचतं.

पहिलं इंजिन उघडलं तेव्हा प्लग पांढराफटक, त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, रिंग खोबणीत चिकटलेली. कार्बोरेटरचं झाकण काढलं तर आतला पडदा उन्हात विसरलेल्या पापडासारखा कडेने वळलेला. तो बोटाने दाबला की मऊ दबला पाहिजे. आमचा दाबताना टिकटिक करत होता. असा कडक पडदा सुईचा दांडा पुरता दाबत नाही, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. तिसऱ्या इंजिनाचं कारण वेगळं निघालं. त्याचा कॅन झाकण नीट न लावता तीन आठवडे कोपऱ्यात होता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी वेगळा बसतो. त्या थरात तेल राहत नाही आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते.

तेव्हापासून प्रत्येक कॅन नळीतून जातो. 100 मिलीची खुणांची काचेची नळी घ्यायची. 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल. अंगठा लावून हलवायची, पाच मिनिटं उभी ठेवायची. इथेनॉल खालच्या पाण्यात उतरतं. पाण्याची रेघ 10 वरच राहिली तर इथेनॉल नाही. 28 वर गेली तर 90 मध्ये 18, म्हणजे 20 टक्के. नळी बाजारात शंभर-दीडशे रुपयांत मिळते. आमची तीन सिलिंडर-पिस्टन मिळून त्या हिवाळ्यात शेडचं भाडं आणि दोन माणसांचा पगार गिळून बसली.

तिन्ही वेळा इंजिन हवेत बंद पडलं आणि तिन्ही वेळा विद्यार्थी चालत परत आला, हे कोणी सांगत नाही. कारण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकच घोकंपट्टी असते : उंचीच्या पाचपट अंतरात उतरायचा माळ दिसला पाहिजे. 100 मीटरवर असाल तर अर्ध्या किलोमीटरच्या आत. विंग त्याहून लांब नेते, पण समोरचा वारा आणि घाबरलेला हात धरूनच हिशेब करावा. उसाच्या फडात उतरणं वाटतं तितकं मऊ नसतं. आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांब दिसला की तार आहेच असं समजून चालायचं.

त्याच हिवाळ्यात जिल्ह्यात दुसरं एक केंद्र सुरू झालं. नाव घेत नाही, घेतलं तर फुकट जाहिरात होते. ‘सात दिवसांत पायलट’ असा फलक, फी आमच्या निम्मी. आमची इंजिनं बंद पडल्याची बातमी तिकडूनच पसरली. निम्मी बॅच तिकडे गेली, ॲडव्हान्स परत करताना आमची गंगाजळी रिकामी झाली. मार्चमध्ये शेडचं कुलूप मालकाच्या हातात द्यायचं नक्की झालं होतं. ते कसं टळलं ते पुढे येईल. एप्रिलपासून त्याच विद्यार्थ्यांच्या विंगा दुरुस्तीला आमच्याकडे यायला लागल्या.

त्या विंगा काय होत्या ते सांगतो. परदेशातून वापरून आलेल्या, कापड वरून चकाचक. तक्रार सगळ्यांची एकच : पळालं तरी विंग डोक्यावर येत नाही, मागे रेंगाळते. हे पळणाऱ्याचं पाप नसतं. डायनिमाच्या (एका कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्यांवर भार कमी असला की त्या आकसतात, आणि मागच्या ओळींवर, म्हणजे सी आणि डी वर, भार नेहमी कमी. पुढच्या ए ताणून थोड्या लांब झालेल्या. मागून आखूड आणि पुढून लांब म्हटल्यावर विंग नाक वर करून उडते, वेग कमी होतो आणि एखाद्या दिवशी ती पुढे जायचंच सोडून सरळ खाली बसायला लागते. प्रत्येक दोरी 5 किलोच्या ताणाखाली मोजली. एक सेंटिमीटरचा फरक चालतो. एका विंगेत सी ओळ साडेतीन सेंटिमीटर आखूड निघाली. रायझरच्या, म्हणजे दोऱ्या जिथे जमतात त्या पट्ट्याच्या, क्विक लिंकवर (कडीवर) दोरीचा फास बदलून थोडी लांबी देता येते, साडेतीन सेंटिमीटर देता येत नाही. ती विंग आता शेडच्या भिंतीवर आहे.

कापडाचं निदान आमच्या पहिल्या भागीदाराचं. ते पूर्व भागातल्या यंत्रमागावर तीस वर्षं जॉबर (माग जुळवणारे) होते. आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ताणा-बाणा त्यांच्या बोटांना कळतो. विंगेच्या रिपस्टॉप कापडाचा चौकडा खिडकीच्या उजेडाला धरून ते सांगत, “ह्या कोपऱ्यात लेप गेलाय, इथनं हवा गळणार.” मग आम्ही पोरोसिटी मीटर लावायचो. कापडातून पाव लिटर हवा किती सेकंदांत जाते ते मोजणारं हे यंत्र. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. वीसच्या खाली आलेली विंग आम्ही विद्यार्थ्याला देत नाही. मास्तरांचा अंदाज क्वचितच चुकला. दोरी कशाची हे ते काडेपेटीने ठरवत. तुटक्या टोकाचा धागा जाळायचा. वितळून थेंब झाला तर डायनिमा, नुसता काळा कोळसा झाला तर अरॅमिड, हा दुसरा कृत्रिम धागा. अरॅमिड आकसत नाही, पण गाठीत आणि घडीत मोडतं. म्हणून त्या विंगेच्या दोऱ्या गुंडाळून पिळून ठेवू नयेत. हे सांगून सांगून तोंड दुखलं तरी लोक चादरीसारखी घडी घालतात.

2014 ला शेड घेतली, 2022 पर्यंत दर वर्षी दोन-तीन बॅच झाल्या, चाललं ठीक. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. एक सांगायचं राहिलं, शेडवरून सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीचा धूर दिसायचा, त्यावरून वाऱ्याचा अंदाज यायचा. जून 2023 मध्ये ती चिमणी पाडली आणि आमची फुकटची वारादर्शक पट्टी गेली.

जागेचा प्रश्न मात्र कायमचा. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून जून 2025 पासून प्रवासी विमानं सुरू झाली, त्या बाजूला तोंडही करायचं नाही. उत्तरेला नान्नजचं माळढोक अभयारण्य, तिथे तर अजिबात नाही. उजनीच्या पाण्यावर आम्ही विद्यार्थ्याला नेत नाही. पंचवीस किलोचं यंत्र पाठीला बांधून पाण्यात पडलं की पट्टे सुटेपर्यंत श्वास पुरत नाही. शेवटी सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्या काकांनी आपला पड मुरमाड माळ दिला. दीड तासाची वाट आहे, पण जमीन सोन्यासारखी. काळ्या रानात उन्हाळ्यात घोटा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ज्वारी काढल्यावर राहिलेली धसकटं दोऱ्यांना धरतात. मुरमाला ना भेग ना धसकट. काका आमचे पहिल्या बॅचचे विद्यार्थी. मार्च 2024 मध्ये त्यांनी दोन बॅचची फी आगाऊ दिली, बॅच नसताना. आणि “पोरांना जमिनीवर जास्त दिवस ठेवा” एवढंच बोलले.

तेच आम्ही करतो. पहिले दहा दिवस इंजिन नाही. ताशी 8 ते 15 किलोमीटर वाऱ्यात नुसती विंग डोक्यावर धरायची, पुढे तोंड करून आणि मागे तोंड करून. मग टांगून हार्नेसची (बसायच्या पट्ट्यांची) लांबी जमवायची. मग इंजिन पाठीवर, बंद. मग चालू. इंजिन जमिनीवर ठेवून चालू करायचं नाही. थ्रॉटलची केबल अडकली की पंचवीस हॉर्सपॉवरच्या आसपासचा पंखा उडी मारतो आणि हात पुढे असतो, बोटं तिथेच जातात. पाठीवर घ्यायचं, किल बटण (इंजिन बंद करणारं) आधी दाबून तपासायचं, मग स्टार्ट. मांडीचे पट्टे स्वतः ओढायचे आणि दुसऱ्याकडून ओढून घ्यायचे. हवेत गेल्यावर पट्टा लक्षात आला तर हातात काही उरत नाही. ब्रेकचं टॉगल, म्हणजे हातातली मूठ, सोडलं तर रायझरवरच्या चुंबकाला लागलं पाहिजे, नाहीतर ते पंख्यात जातं. पहिल्या उड्डाणाला 50 मीटरपर्यंत वळण नाही. उतरताना 30 मीटरवर इंजिन बंद, कारण थांबलेला पंखा जमिनीला लागला तर लाकूड तुटतं, फिरणारा लागला तर तुकडे उडतात.

मे महिन्यात 40 अंशांना सोलापूरची हवा 1,400-1,500 मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ होते. धाव दीडपट लागते आणि नऊनंतर माळावर थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, उसळतात. म्हणून उन्हाळ्यात साडेआठला विंगा गुंडाळतो, काही पाहुण्यांना राग आला तरी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा उडणं बंद आणि शेडचं काम चालू. पडदे बदलायचे, एक्झॉस्टच्या स्प्रिंगा आणि रबर माउंट बघायचे, रिझर्व पॅराशूट उघडून हवेत वाळवून पुन्हा घडी घालायचं. रिझर्वचं माप आपल्या वजनावर नाही, यंत्र आणि पेट्रोलासकट वजनावर.

ऑक्टोबरच्या बॅचला येणाऱ्यांनी घोट्याच्या वरचे बूट आणावेत. स्वतःची वापरलेली विंग आणली तर ती आधी मोजली जाईल, मोजणीचे पैसे वेगळे. पेट्रोल आणू नये.