गिरणी मुंबईत, भार कोकणात

राजापूर तालुक्यातील आमच्या गावात ना कापूस पिकला, ना कधी गिरणीचे धुराडे उभे राहिले. तरीही इथल्या घरांची घडी जितकी कापडगिरणीने बदलली, तितकी दुसऱ्या कशानेही बदललेली नाही, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या तशी त्यांना माणसे पुरवली ती मुख्यतः कोकणाने. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. कातळाची जमीन, पावसावरचे एकच भातपीक आणि त्यातून खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाटा, एवढ्यावर घर चालत नसे. रेल्वे नव्हती, पण आगबोट होती. मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग अशा बंदरांतून पडावाने बोटीपर्यंत जायचे आणि मुंबई गाठायची, हा आमच्या पणजोबांच्या पिढीचा रस्ता होता.

इंग्लंडमध्ये शेतीवरून उठलेली असंख्य कुटुंबे बायकामुलांसह गिरणीच्या गावात गेली. कोकणातून मात्र बहुधा एकटा पुरुष गेला. लालबाग-परळच्या चाळीत गावकीची खोली, पाळीपाळीने अंथरूण, खानावळीत जेवण, आणि गावाकडे मनीऑर्डर. टपाल खात्याची ही सोय १८८० मध्ये सुरू झाली आणि पाहता पाहता कोकणातल्या घरखर्चाचा आधार बनली. पगार मात्र महिना उलटून गेल्यावर हाती पडे, तोवर वाण्याची उधारी, आणि नोकरी टिकवायची तर जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी.

कामाच्या तासांना फार काळ धरबंद नव्हता. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचीही मर्यादा उरली नाही, आणि प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांचे बंधन कायद्याने घातले ते १९११ मध्ये.

इतक्या तुटपुंज्या मजुरीवर गिरणी चालली कशी, याचे उत्तर मला गावात सापडते. आजारी पडलेला, हात तुटलेला, म्हातारा झालेला कामगार गावी परत येई. १८९६ च्या प्लेगमध्ये लोक गावाकडेच पळाले, आणि १९२८ चा संप महिनोन्महिने तगला त्यालाही गावच्या भाताचा आधार होता. ते भात पिकवत होत्या मागे राहिलेल्या बायका: राब भाजणे, लावणी, कापणी, झोडणी, वर सासूसासऱ्यांचे आजारपण आणि मुलांचे संगोपन. मालकाने द्यायला हवा होता तो खर्च त्यांनी उचलला, आणि गिरण्यांच्या इतिहासात तो कुठेही जमा धरलेला नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

यंत्राने जातही सोडवली नाही. विणाई खात्यात धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या समजुतीने सवर्ण विणकर अस्पृश्यांना तिथे येऊ देत नसत. अधिक मजुरीचे काम अशा रीतीने त्यांना बंद राहिले. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळात उघडपणे मांडला.

मुंबईने एक मात्र दिले. संघटना करणे, सभा भरवणे, मालकासमोर मागणी ठेवणे हे शिकलेला माणूस गावी आल्यावर खोतापुढे पूर्वीसारखा वाकेना. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. आमच्या वाडीत त्यानंतर जमिनी कुळांच्या नावावर चढल्या, पण सातबाऱ्यावर नावे लागली ती परळला साचा चालवणाऱ्या पुरुषांची. चिखलात उभे राहून ती जमीन कसणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव त्या जुन्या उताऱ्यांवर मला दिसलेले नाही.