बाटलीतला पांढरा गाळ

रविवारी सकाळी साडेसहाला खडकवासला धरणाच्या काठावर आणि नऊच्या सुमारास पुणे शहरात, नदीकाठच्या बंडगार्डनला गेले. काम नेहमीचंच, पाण्यातले प्लवक म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव मोजायचं. बादलीने मोजून ५० लिटर पाणी बारीक जाळीतून गाळायचं आणि तळाच्या बाटलीत उरेल ते घरी आणायचं. निम्मं टिकवायला फॉर्मलिनमध्ये, निम्मं जिवंत.

ऑक्सिजनची बाटली मात्र नदीवरच बघते. काठोकाठ भरलेल्या पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडलं की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी गाळ बसतो. खडकवासल्याचा गाळ गडद तपकिरी झाला. बंडगार्डनचा पांढराच राहिला, तांदळाच्या धुवणासारखा. मला तिथेच गलबलून आलं. आंबील ओढा, नागझरी, दापोडीला मुळेत मिसळणारी पवना, सगळ्यांनी वाहून आणलेलं सांडपाणी कुजताना तो ऑक्सिजन संपलेला असतो. उन्हाळ्यात वरून पाणीही सुटत नाही.

घरी सूक्ष्मदर्शकाखाली १ मिलिलिटरची काच ठेवली. तिच्यावर १००० चौकोन आखलेले असतात, ओळीने मोजत जायचं. खडकवासल्याच्या थेंबात चौकोनागणिक नवा जीव. पारदर्शक डायाफानोसोमा, सोंडेची बॉस्मिना, लांब मिशांचा डायाप्टोमस. बंडगार्डनच्या काचेत तर मोजता मोजता डोळे दुखले, इतकी गर्दी! पण सगळे ब्रॅकिओनस आणि रोटारिया, म्हणजे चक्रधारी जीव (रोटिफर), मध्येच एखादी मोइना नावाची पाणपिसू. सांडपाण्यातल्या जिवाणूंवर हे चक्रधारी पोसतात आणि नराशिवाय दोन-तीन दिवसांत पुढची पिढी उभी करतात. मोइना तर ऑक्सिजन कमी पडला की अंगात हिमोग्लोबिन वाढवते. जिवंत नमुन्यातली अगदी गुलाबी दिसत होती. डायाप्टोमसची वाढ सावकाश होते, त्याला अशा पाण्यात निभाव लागत नाही.

म्हणून 'एका लिटरमागे इतके प्लवक' एवढाच आकडा छापलेला अहवाल वाचला की मला राग येतो. त्या आकड्यात बंडगार्डनची नदी खडकवासल्यापेक्षा श्रीमंत ठरेल. जाती किती, कोणत्या आणि कोण नाहीशा झाल्या, हे सांगा ना.

संध्याकाळी आईला खडकवासल्याची काच दाखवली. एका डोळ्याचा सायक्लॉप्स झपकन सरकला तशी ती दचकली. तिच्या माहेरी पायऱ्यांची विहीर होती आणि नारू तिने डोळ्यांनी पाहिलाय. पायातून निघणारा तो दोऱ्यासारखा जंत काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचे. "म्हणून आजी हंड्यावर दुहेरी फडकं धरायची. हेच का गं ते?" मी हो म्हटलं. नारूची अळी पोटात वागवणारा हाच. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, पण आईला अजून पाणी गाळल्याशिवाय चैन पडत नाही.

मग तिने बंडगार्डनची काचही मागितली. बराच वेळ बघत राहिली.

"यात तो लांब मिशांचा कुठाय?"

मी काच सरकवत गेले. एकेक ओळ, शेवटच्या चौकोनापर्यंत. नव्हता.