दिवे घाटाआधीची तालीम

पहिल्या वारीचे ठरले तेव्हा आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर डोक्यात पक्के बसले होते, आणि त्यामुळे तयारी म्हणजे पायांची तयारी, असेच मी धरून चाललो. मार्चपासून रोज पहाटे वेताळ टेकडी चढू लागलो. मे महिन्यातल्या एका रविवारी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापासून निघून हडपसर आणि दिवे घाटमार्गे सासवड गाठले. हे ३० किलोमीटरच्या आसपासचे अंतर, वाटचालीतला सर्वांत लांब टप्पा, मी एकट्याने सात तासांत तोडले. नव्या बुटांनी दोन्ही टाचांना फोड आणले, तरी मनातून मी खूश होतो.

आमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. "माउली, लवकर पोचलात हे ठीक, पण टाळ कुणी वाजवला? दिंडीत पुढचा थांबला की आपण थांबायचं, आणि ते पळण्यापेक्षा अवघड असतं."

मला ते तेव्हा पटले नव्हते. तरीही त्या संध्याकाळपासून घरातच टाळ हातात घेऊन हरिपाठ होईपर्यंत उभा राहू लागलो, आणि चार दिवसांत कळले की पाय मजेत आहेत, ठणकते आहे ती कंबर. मग तळजाईवर टाळ वाजवत, मुद्दाम अर्ध्या वेगाने चालण्याचा सराव सुरू केला. फिरायला आलेले लोक वळून पाहत. आठवडाभराने त्याचेही काही वाटेनासे झाले. नवे बूट कपाटात गेले, वर्षभर वापरलेल्या सँडल बाहेर आल्या आणि निघण्यापूर्वी तळपायांना खोबरेल तेल चोळण्याची सवय लावून घेतली.

पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून निघाली, त्या दिवशी विणेकऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या लावल्या जात असताना आम्ही रांगेत उभे होतो. वरून पाऊस, खांद्यावर प्लास्टिकचा कागद, आणि अभंग मात्र अखंड चालू. चार पावले टाकायची, थांबायचे, पुन्हा चार पावले. मे महिन्यात सात तासांत सरलेल्या त्याच वाटेने सासवडच्या तळावर पोचायला अंधार पडला, आणि त्यानंतर सगळ्या दिंड्यांनी मिळून तळावर करायच्या समाज आरतीसाठी पुन्हा उभे राहायचे होते. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला, एवढ्या गर्दीतले टाळ-मृदंग एकदम थांबले, आणि दिवसभरात हरवल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा सुरू झाली.

राहुटीत परतल्यावर सामानाच्या ट्रकमधून बॅग उतरवून घेतली. तिच्यातली दुसरी चादर आणि तीन जाड टॉवेल भिजून दगडासारखे जड झाले होते. सकाळी सासवडहून पुण्याला परतणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर ते घरी धाडले.