राज्यकारभार कुठं शाळेत शिकतात का?

मी सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. केलंय असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे यूपीएससी का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग राज्यकारभार काय शाळेत शिकवतात?" गेल्या महिन्यात बार्शीला एक गृहस्थ मुलाला घेऊन भेटले. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, त्याला या शिक्षणाकडे जायचं होतं. वडील म्हणाले, "ताई, दोन वर्षं जाणार आणि एवढी फी. तिथं शिकवतात तरी काय?" माझी एस.टी.ची वेळ झाली होती, मी दोन वाक्यांत उरकलं. ते मला लागून राहिलं. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

एम.ए.ला जाण्याआधी मी चार वर्षं हिंजवडीत नोकरी केली. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले असायचे, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. ती ओळ मी कधी वाचलीसुद्धा नव्हती. वर्गात पहिल्याच आठवड्यात सरांनी नोकरी सोडून आलेल्यांना जुनी स्लिप आणायला सांगितली आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे पैसे घ्यायला सुरुवात कशासाठी झाली?" आम्ही सात-आठ जण होतो. एकालाही सांगता आलं नाही.

मग ती ओळ आम्ही महिनाभर उलगडत बसलो. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना 1965 साली तासगाव तालुक्यातच करून पाहिली गेली. 1972 च्या दुष्काळाने तिची गरज सगळ्या महाराष्ट्राला पटवली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पण हमी द्यायची तर पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 साली पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनेही घालायची असं ठरलं. कागदावर एवढंच. पण माझी आजी रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जायची. मातीच्या पाट्या वाहून तिच्या डोक्यावरचा मधला भाग विरळ झाला होता, तेल लावताना माझ्या बोटांना तो लागायचा. तिची मजुरी आणि माझ्या स्लिपवरची ओळ एकाच हिशेबात बसतात, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे अगदी खरं सांगते.

आणि त्यातला बारकावा पाहा. काम मागितल्यावर 15 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, हे कायद्यातच लिहिलं. त्यामुळे मजूर बाई कोणाकडे मेहेरबानी मागायला जात नाही, ती हक्क मागायला जाते. 2005 साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. कायद्यातल्या एका वाक्याने माणसाची मान किती ताठ होते, हे शिकणं म्हणजे धोरण शिकणं.

दुसरी गोष्ट रांगेची. आम्हाला चौघांना आठवडाभर एका तहसील कचेरीबाहेर बसवलं. जून महिना, कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तोबा गर्दी. हातात वही, आणि काम एकच: प्रत्येकाला विचारायचं, ही तुमची कितवी खेप? आम्ही ठरवूनच गेलो होतो की कचेरीतले लोक कामचुकार निघणार. तसं निघालं नाही. अर्ज आत गेला की दाखला ठरलेल्या मुदतीत मिळत होता. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, सेवेला मुदत आहे, वर अपील करता येतं. पण ती मुदत मोजायची कधीपासून? अर्ज सगळ्या कागदांसह पूर्ण झाला त्या दिवसापासून. आणि लोकांच्या खेपा होत होत्या त्या त्याच्या आधी, तलाठ्याच्या अहवालासाठी. तलाठ्याकडे एकाहून जास्त गावं, तो आज या गावात तर उद्या त्या. एक मावशी तिसऱ्यांदा आल्या होत्या. तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि एस.टी.चं भाडं वेगळं. सरकारी तक्त्यात मात्र त्यांचा अर्ज 'मुदतीत निकाली' असाच दिसणार होता. काका, तिथं शिकवतात ते हे. काम नेमकं कुठं अडलंय ते शोधायचं. कोणाला शिव्या घालून ते सापडत नाही, त्यासाठी रांगेत बसावं लागतं.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं काही जण म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज ही देशसेवेसाठी कार्यकर्ते तयार करणारी संस्था काढली तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. गोखले स्वतः न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली आकडे वाचायला शिकले होते. कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, मिठावरचा कर गरिबाला कसा जाचतो ते ते सरकारच्याच आकड्यांवरून दाखवत. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1956 मध्ये मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि पुढच्या मार्चपर्यंत शाळाही बंद पडली. संविधान लिहून झालं, तब्येत साथ देत नाही, तरी या माणसाला शाळा काढावीशी वाटते. नुसती निवडणूक जिंकणं पुरेसं नाही हे त्यांना दिसत होतं. ती शाळा चालली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. आजच्या बहुतेक शाळांची फी भारी आहे आणि शिकवणं इंग्रजीत. मी दोन वर्षं इंग्रजीत निबंध लिहिले, चांगले गुण मिळवले, आणि पहिल्याच ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी 'नमुना 8' पुढे ठेवला तेव्हा गप्प बसले. तो घरपट्टीच्या आकारणीचा नमुना, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. शासन निर्णय मराठीत निघतात. लेखाशीर्ष (खर्च कुठल्या सदरातून करायचा ते), प्रशासकीय मान्यता (काम करायला होकार), तांत्रिक मान्यता (कामाची तांत्रिक बाजू तपासून दिलेली मंजुरी) हे शब्द मी नंतरच्या नोकरीत शिकले, वर्गात नाही. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या सरपंच बाईंना तीन दिवसांचं शिबिर आणि शहरातल्या मुलांना दोन वर्षांचा अभ्यासक्रम, हे उलटं आहे. मला हे शिक्षण मराठीत आणि तालुक्याच्या गावी हवंय, आणि त्यासाठीच मी राबतेय.

म्हणून तुमच्या मुलाला मी म्हटलं होतं की आत्ताच कर्ज काढू नकोस. आधी आपल्या ग्रामपंचायतीत जा, मागच्या दोन वर्षांचा विकास आराखडा माग आणि शेजारी शेजारी ठेवून वाच. परवा त्याचा फोन आला. शाळेच्या मुतारीचं काम दोन्ही आराखड्यांत आहे, रक्कम तीच, आणि मुतारी अजून नाही. मी विचारलं, मग काय केलंस? म्हणाला, "ताई, ग्रामसेवकांना विचारलं. तांत्रिक मान्यता मिळाली नाही म्हणाले. आता ती कोण देतं ते विचारायला उद्या पंचायत समितीत चाललोय. बाबाही येतो म्हणतायत."